भर पावसात कोल्हापूर ते रत्नागिरी: सपाट ट्रकवरील मालासाठी ताडपत्री निवडताना

शिरोली औद्योगिक वसाहतीतून पंपांची मशिनिंग झालेली कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) घेऊन आम्ही जुलैमध्ये आंबा घाटमार्गे रत्नागिरीला गेलो. ट्रक सपाट प्लॅटफॉर्मचा, बिनफाळक्याचा होता. बाजूला फाळके असले की ताडपत्रीला त्यांचा आधार मिळतो. सपाट ट्रकवर मात्र वारा, पाऊस आणि चाकांनी उडवलेला चिखल या सगळ्यांना ताडपत्रीलाच तोंड द्यावे लागते. म्हणून ती निवडताना दुकानदाराने सांगितलेल्या जाडीपेक्षा माप, आयलेट (दोर ओवण्यासाठी कडेला बसवलेल्या कड्या) आणि मालाच्या कडा यांचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

मापाचा हिशेब सोपा आहे, पण तो माल रचून झाल्यावरच करावा. आमच्या पेट्यांची रास 20 फूट लांब, 8 फूट रुंद आणि 4 फूट उंच होती. दोन्ही टोकांना उंचीचे 4-4 फूट आणि प्लॅटफॉर्मच्या खाली वळवून बांधण्यासाठी 1-1 फूट धरला, की ताडपत्री 30 बाय 18 फुटांची लागते. कडा दुमडून शिवल्यावर किंवा चिकटवल्यावर माप कमी होते, त्यामुळे दुकानात तयार माप टेप लावून मोजून घ्यावे.

हे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मीटर भरते. 200 जीएसएमची (दर चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाची) एचडीपीई, म्हणजे विणलेल्या प्लास्टिकची, ताडपत्री घेतली तर तिचे वजन 10 किलोच्या आसपास होते आणि 600 जीएसएमचे पीव्हीसी कोटेड कापड घेतले तर तेच 30 किलोवर जाते. पीव्हीसी घासणीला आणि फडफडीला निश्चितच जास्त टिकते, परंतु पावसात ते मालावर चढवायला किमान दोन माणसे हवीत. आम्ही बाहेरून पीव्हीसी आणि आतून हलकी एचडीपीई अशी दोन आवरणे घेतली, आणि नाजूक, महाग मालासाठी मला हीच रचना योग्य वाटते. कॅनव्हास हवा खेळती ठेवतो, म्हणून कोरड्या हंगामात गुळासारख्या मालाला तो मानवतो. कोकणच्या पावसात मात्र तो पाणी पिऊन जड होतो.

खरेदी करताना ताडपत्रीचा कोपरा खोलगट धरून त्यात पाणी ओतून पाहावे आणि कापड उजेडासमोर धरून सुईएवढी छिद्रे शोधावीत. आयलेट बोटाने फिरवून पाहावे. ते सैल फिरत असेल किंवा त्याखाली कापडाचा दुसरा पदर अथवा कडेत दोरी नसेल, तर वाऱ्याच्या पहिल्या झोतात ते उपटून निघते. एचडीपीईच्या ताडपत्रीसाठी आयएस 7903 हे मानक आहे, त्याचा शिक्का आहे का हे जरूर विचारावे.

आमच्या ट्रकवर सर्वाधिक वेळ गेला तो पेट्यांच्या कोपऱ्यांवर. लोखंडी पट्टीची टोके ताडपत्रीला आतून कापतात, आणि हे फाटणे बाहेरून दिसेपर्यंत पाणी आत पोहोचलेले असते. चालक मामांनी प्रत्येक कोपऱ्यावर जुन्या टायरचा तुकडा ठेवून त्यावर गोणपाट बांधले. राशीच्या मध्यभागी लांबीच्या दिशेने एक लाकडी वासा ठेवून त्यांनी उतार काढला. हा वासा अनावश्यक समजू नये: एका चौरस मीटरच्या खळग्यात 5 सेंटिमीटर पाणी साचले तरी ते 50 किलो होते आणि प्रत्येक गचक्यासरशी आयलेटांवर ओढ देते. दोन ताडपत्र्या जोडाव्या लागल्या, तर कौले शाकारतात तशी मागची आधी घालून पुढची तिच्यावर चढवावी, म्हणजे समोरचा वारा जोडात शिरत नाही.

"साहेब, दोर भिजला की सैल पडतोय, वाघबीळला उतरून बघूया," असे मामा निघतानाच म्हणाले होते. नायलॉनचा दोर भिजल्यावर ताणला जातो, त्यामुळे वाघबीळला सगळ्या गाठी पुन्हा आवळाव्या लागल्या. मलकापूरनंतर, आंबा येण्याआधी, आणखी एकदा थांबलो. कडेच्या आयलेटांना ट्यूबच्या पट्ट्या लावल्या होत्या, आणि त्या हिसके सोसत असल्याने तिथले एकही आयलेट ताणले गेले नाही. हे सारे ताडपत्रीसाठी. माल जागेवर धरून ठेवायला रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचे पट्टे) स्वतंत्र हवेत, ताडपत्रीच्या दोरांवर ते काम सोपवू नये.

घाट उतरून साखरप्याकडे आलो तेव्हा हवा उबदार आणि दमट झाली. वर थंड झालेल्या लोखंडावर अशा हवेत दव धरते, आणि ताडपत्री कितीही चांगली असली तरी ती हे थांबवू शकत नाही. मशिनिंग झालेल्या पृष्ठभागांवर गंजरोधक तेल आणि त्यावर गंजरोधक कागद कारखान्यातच लावून घेतला होता, म्हणून हातखंब्यापुढे माल उतरवताना एकही पृष्ठभाग तांबूस झालेला दिसला नाही. पावसाळ्यात दरडीमुळे या घाटातील वाहतूक बंद होऊ शकते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

परत आल्यावर ताडपत्री दोन्ही बाजूंनी वाळवूनच घडी घालावी. कॅनव्हास ओला गुंडाळला तर कुजतो. एचडीपीईची घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर घालावी, कारण त्याच त्या घडीवर लॅमिनेशन तडकते आणि पुढच्या फेरीत पाणी नेमके तिथूनच झिरपते.