युद्ध संपल्यावर ब्रेड रेशनवर का आला?

दुसऱ्या महायुद्धाचा धडा बहुतेक वर्गांत ऑगस्ट १९४५ ला संपतो आणि 'युद्धाचे परिणाम' एका पानात उरकतात : महागाई, स्त्रियांना नोकऱ्या, कल्याणकारी राज्य. मुलं ही यादी पाठ करतात. पण त्यातलं काय युद्धामुळे झालं, काय आधीपासून चालू होतं आणि काय लोकांनी मुद्दाम निवडलं, हे विचारलं की गाडी अडते. या घटकात शिकवण्यासारखं तेच आहे. त्यासाठी सगळं जग न धरता एकच देश घ्यावा. ब्रिटन सोयीचा पडतो, कारण १९४५ ते १९५४ हा काळ तिथल्या रेशनकार्डावर महिन्या-महिन्याने वाचता येतो. चार तास पुरतात.

पहिल्या तासाला फळ्यावर सात जिन्नस लिहा : कपडे, साबण, चहा, गोळ्या-चॉकलेट, साखर, मांस, ब्रेड. प्रत्येकावरचं रेशनिंग कधी उठलं असेल, याचा अंदाज मुलांना वहीत लिहू द्या. बहुतेक जण सगळीकडे १९४५ लिहितात. मग खऱ्या तारखा एकेक करून सांगा. कपडे मार्च १९४९, साबण सप्टेंबर १९५०, चहा ऑक्टोबर १९५२, गोळ्या-चॉकलेट फेब्रुवारी १९५३, साखर सप्टेंबर १९५३, मांस जुलै १९५४. ब्रेड मुद्दाम शेवटी ठेवा. युद्ध चालू असताना ब्रेडवर रेशनिंग नव्हतंच. ते लागू झालं जुलै १९४६ मध्ये, म्हणजे शांतता झाल्यावर, आणि उठलं जुलै १९४८ मध्ये.

कारण लगेच सांगू नका. पाच मिनिटं तर्क लढवू द्या. त्यानंतर तीन गोष्टी मांडा : जगभर गव्हाची टंचाई होती, तो विकत घ्यायला डॉलर कमी होते, आणि जर्मनीतल्या ब्रिटिश ताब्यातल्या भागाला अन्न पुरवणंही ब्रिटनच्याच गळ्यात होतं. डॉलरचा मुद्दा इथे नीट उलगडायला हवा. अमेरिकेची लेंड-लीज मदत (युद्धकाळात रोख पैसे न घेता माल पुरवण्याची योजना) ऑगस्ट १९४५ मध्ये थांबली. पाठोपाठ ब्रिटनने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं नवं कर्ज घेतलं, २ टक्के व्याजाने, १९५१ पासून ५० वार्षिक हप्त्यांत फेडायच्या बोलीवर. मधले काही हप्ते पुढे ढकलले गेले आणि शेवटचा भरला गेला डिसेंबर २००६ मध्ये. हा आकडा फळ्यावर आला की युद्धाचा खर्च किती पिढ्यांनी उचलला, ते वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा तास तराजूचा. युद्धकाळातलं माणशी आठवड्याचं ठरावीक प्रमाण मोजून टेबलावर ठेवा : साखर २२७ ग्रॅम, चहा ५७ ग्रॅम, लोणी ५७ ग्रॅम, चीज ५७ ग्रॅम. ही प्रमाणं वेळोवेळी बदलत होती, हेही सांगा. लोण्याऐवजी मातीचा गोळा ठेवू नका. माती लोण्यापेक्षा बरीच जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा गोळा निम्माच दिसतो आणि मुलांच्या मनात चुकीचं चित्र बसतं. अंगाच्या साबणाचा कापलेला तुकडा त्याहून खूप जवळचा दिसतो. मांस मात्र वजनावर नव्हतं, पैशांवर होतं : माणशी आठवड्याला साधारण १ शिलिंग २ पेन्सचं. म्हणजे स्वस्त भाग घेतला तर जास्त मांस पदरात पडायचं. कुठल्या घरातली गृहिणी काय घेईल, हे गटांना ठरवू द्या. 'लोकांचे हाल झाले' हे सरसकट वाक्य इथेच ढिलं पडतं, कारण गरीब घरांतल्या मुलांना आधीपेक्षा बरं खायला मिळत होतं आणि खात्यापित्या घरांना कमी.

तिसऱ्या तासाला एका कुटुंबाचा हिशेब करा : आई, बाप, तीन मुलं. ऑगस्ट १९४६ पासून कुटुंब भत्ता सुरू झाला, मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग. मुलं हमखास १५ शिलिंग लिहितात. उत्तर १० आहे, कारण पहिल्या मुलाला भत्ता नव्हता. पैसे आईच्या हातात यायचे, यावर दोन मिनिटं तरी बोलणं व्हावं. हिशेबापूर्वी २० शिलिंगांचा पाउंड आणि १२ पेन्सचा शिलिंग फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर अर्धा तास त्यातच जातो.

चौथ्या तासाला वर्गीकरण. पाच-पाच जणांचे गट, गटाला बारा कार्डं, चार रकाने : (१) युद्धामुळे घडलं; (२) आधी सुरू होतं, युद्धाने वेग दिला; (३) युद्धात बदललं, नंतर मागे फिरलं; (४) युद्धानंतर ठरवून केलं. राष्ट्रीय आरोग्य सेवेचं कार्ड जवळजवळ प्रत्येक गट पहिल्या रकान्यात टाकतो. तेव्हा चार तारखा पुढे ठेवा : १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा, डिसेंबर १९४२ चा बेव्हरिज अहवाल (सगळ्यांसाठी सामाजिक विमा सुचवणारा), जुलै १९४५ मध्ये मजूर पक्षाचा विजय, ५ जुलै १९४८ ला सेवा सुरू. एक कार्ड तीन रकान्यांत ओढलं जातं. ते फाडून तीन ठिकाणी ठेवू द्या, चालेल.

स्त्रियांच्या नोकऱ्यांचं कार्ड त्याहून अवघड. युद्धात कारखान्यांत गेलेल्या अनेक जणी १९४५ नंतर बाहेर पडल्या, अनेक पाळणाघरं बंद झाली. पण लग्न झालं की नोकरी सोडायची हा नियम शिक्षिकांसाठी १९४४ मध्ये आणि सरकारी सेवेत १९४६ मध्ये गेला. एकच कार्ड दिलं तर मुलं 'प्रगती झाली' किंवा 'अधोगती झाली' यावर भांडत बसतात. म्हणून कार्डं दोन करा, एक प्रत्यक्ष कामाचं आणि एक नियमाचं.

परीक्षेत 'युद्धानंतर ब्रिटनमधलं जीवन सुधारलं का?' असा प्रश्न टाळा. त्याला 'काही बाबतींत हो, काही बाबतींत नाही' एवढं लिहूनही गुण मिळतात. त्याऐवजी वर्ष आणि माणूस नेमून द्या : '१९४७ मध्ये तीन मुलांच्या खाणकामगार कुटुंबाचं १९३८ च्या तुलनेत काय बदललं? किमान दोन बदल लिहा आणि प्रत्येकामागचं कारण चारपैकी कोणत्या रकान्यातलं, ते सांगा.' सहा गुणांपैकी चार कारणांना ठेवा. १९४७ च्या जानेवारीत खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या, हे ज्याला आठवेल त्याच्या उत्तराला लगेच वजन येतं.