एक चेहरा, तीन बेस

बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, लावूनच आलेली व्यक्ती मेकअपच्या खुर्चीत बसली की हात आपोआप क्लीन्झरकडे जातो. त्या दिवशी तो मुद्दाम थांबवला. निवेदिका घरून स्वतः तयार होऊन आल्या होत्या. बेस लावून जेमतेम दोन तास झाले होते आणि तो चार ठिकाणी चार तऱ्हांनी बिघडला होता. बिघडलेला बेस पुसण्याआधी खिडकीच्या उजेडात नीट पाहिला तर पुढचे निम्मे निर्णय तिथेच होतात.

नाकाच्या दोन्ही बाजूंना फाउंडेशन तुटून ठिपके ठिपके झालं होतं, मधून उघडी त्वचा दिसत होती. ते तेलाचं काम. गालांवर आणि ओठांच्या कडांना मात्र रंग पापुद्र्यांच्या काठांना धरून बसला होता. तिथे तेलाचा पत्ता नव्हता. कपाळावर केसांच्या रेषेजवळ बोट फिरवलं की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या निघत होत्या. जबड्यापाशी चेहरा मानेपेक्षा सरळ एक शेड गडद. "ताई, माझी त्वचा तेलकट आहे म्हणून मी मॅटच घेते, तरी ही कोरडी का दिसते?" असं त्यांनी विचारलं. तेलकट हे नाकापुरतं आणि कपाळाच्या मध्यापुरतं खरं होतं.

काम तीन प्रकाशांतलं होतं. सकाळी स्टुडिओच्या दिव्यांत जवळून व्हिडिओ, दुपारी फ्लॅशवर पोर्ट्रेट, संध्याकाळी उघड्यावर काही फ्रेम. मध्ये चेहरा धुऊन पुन्हा सुरुवात करायला वेळ नव्हता.

बाटल्या उघडण्याआधी चार गोष्टी विचारायच्या असतात: रात्री चेहऱ्याला काय लावता, सकाळी बेसखाली काय काय असतं, गेल्या आठवड्यात वॅक्स, थ्रेडिंग किंवा पील केलंय का, आणि कशाची अॅलर्जी आहे का. पहिल्याच उत्तरात गाठ सुटली. त्वचारोगतज्ज्ञांनी काही आठवड्यांपूर्वी मुरुमांवरचं अॅडापेलीन जेल सुरू केलं होतं. रेटिनॉइड गटातल्या औषधांनी सुरुवातीच्या आठवड्यांत वरचा थर सोलवटतो, पण तेलग्रंथींचं काम चालूच राहतं. म्हणजे एकाच वेळी तेलकट आणि सोलवटलेली त्वचा. अशा त्वचेवर टिकाऊ मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, फाउंडेशन सर्वात वाईट दिसतं. त्यातला उडून जाणारा द्रव मिनिटभरात उडतो, मागे उरलेला पातळ पडदा घट्ट बसतो, आणि ज्याला धरतो तो जर सुटा पापुद्रा असेल तर त्यालाच रंगवून ठळक करतो. औषध थांबवा असं सांगणं मेकअप करणाऱ्याचं काम नाही. ते चालू आहे हे धरूनच बेस निवडायचा.

कपाळावरच्या वळ्यांचं कारण दुसऱ्या उत्तरात होतं. जेल सनस्क्रीन, त्यावर लगेच सिलिकोन प्रायमर (फाउंडेशनखाली लावायचा थर), त्यावर लगेच फाउंडेशन, सगळं पाच मिनिटांत आणि बोटांनी घासून. खालचा थर बसलेला नसताना वरचा घासला की दोन्ही मिळून गुंडाळले जातात. लोक याचं खापर "वॉटर-बेस्ड खाली, सिलिकोन वर" यावर फोडतात. ते काही वेळा खरं असतं, पण घाई, जास्त प्रमाण आणि घासणं हीच कारणं जास्त वेळा सापडतात. शिवाय घटकांच्या यादीत पहिलं नाव पाण्याचं आहे म्हणून फाउंडेशन वॉटर-बेस्ड ठरत नाही. बहुतेक सिलिकोन फाउंडेशनमध्येही पाणी असतं आणि यादीत ते पहिलं किंवा दुसरं येतं. पुढची तीन-चार नावं वाचावीत. शेवट 'कोन' किंवा 'सिलॉक्सेन' असा असेल तर पाया सिलिकोनचा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे मनगटाच्या मागे प्रायमर आणि फाउंडेशनचा एकेक थेंब एकत्र करणं. दह्यासारखं फुटलं, दाणे धरले, तर ती जोडी चेहऱ्यावर न्यायची नाही.

बेस काढताना कापूस आणि मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाणी) टाळलं, कारण कापसाने घासलं की बसलेले पापुद्रेही उभे राहतात. क्लीन्झिंग बाम हातांनी फिरवला, कोमट पाण्यात पिळलेलं मऊ कापड दाबून उचललं. स्क्रब अशा त्वचेवर वर्ज्य. सुटे पापुद्रे चिमट्याने ओढायचे नाहीत, मॉइश्चरायझर मुरवून मऊ करायचे. ग्लिसरीनचं साधं क्रीम मटाराएवढं पूर्ण चेहऱ्याला, दोन मिनिटांनी गालांवर आणि ओठांभोवती तेवढंच पुन्हा. दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग ओल्या कापडाचं टोक गालावर हलकं गुंडाळत नेलं की जे सुटायचं ते सुटतं. शेवटी टिश्यू दाबून वरची चिकट साय उचलायची. ही पंधरा मिनिटं वाचवायला गेलं की दुपारी तासभर टचअप करावं लागतं.

चेहरा उघडा झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठावर वांग, म्हणजे तपकिरी डाग. शेड का चुकली तेही कळलं: त्यांनी फाउंडेशन गालावर, वांगाच्या डागाशेजारी लावून पाहिलं होतं आणि डागाशी जुळणारी शेड घेतली होती. वांग असलेल्या चेहऱ्यावर शेड जबड्याच्या खालच्या कडेवर पाहायची, रेघ मानेपर्यंत ओढायची आणि गळा उघडा राहणार असेल तर छातीच्या रंगाशी ताडून घ्यायची. मनगट किंवा हाताची मागची बाजू यासाठी निरुपयोगी. तिचा रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो. बाटली आधी हलवायची, विशेषतः पातळ फाउंडेशनची, कारण रंगद्रव्य तळाशी बसतं आणि न हलवता काढलेला थेंब वेगळ्याच शेडचा निघतो. आणि लावल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. द्रव उडून जातो, त्वचेचं तेल रंगद्रव्यात मुरतं आणि तेलकट चेहऱ्यावर शेड गडद होते. ओल्या अवस्थेत तंतोतंत जुळलेली शेड म्हणूनच दोन तासांनी मानेपासून वेगळी पडते.

आता निवड. पावडर फाउंडेशन पहिल्याच फेरीत बाद. पापुद्र्यांवर कोरडी पावडर म्हणजे दोष भिंगाखाली ठेवणं. मूस, म्हणजे फेसाळ फाउंडेशन, रंध्रं सुंदर झाकतं, पण पापुद्र्यांच्या काठांना चिकटतं. बीबी क्रीम त्या त्वचेला मानवलं असतं, पण त्याने वांग झाकलं जात नाही आणि शेड मोजक्या असतात. कुशन, म्हणजे डबीतल्या स्पंजात मुरवलेलं फाउंडेशन, टचअपला फार सोयीचं, पण त्याचा पफ पुन्हा पुन्हा त्याच स्पंजात बुडतो. ते एका व्यक्तीचं असावं, अनेक चेहऱ्यांवर काम करणाऱ्याच्या पेटीत नसावं. पूर्ण चेहऱ्याला स्टिक लावली तर भरपूर झाकलं जातं, पण तिच्यातलं मेण आणि तेल दिव्यांच्या उष्णतेत नाकावरून घसरतं. एअरब्रशबद्दल, म्हणजे फवाऱ्याने बेस मारण्याबद्दल, आग्रह झाला होता. सपाट, निरोगी त्वचेवर तो अप्रतिम दिसतो. सोलवटलेल्या त्वचेवर प्रत्येक काठावर थेंब बसतात, आणि एकदा तो फाटला की हाताने केलेली दुरुस्ती वेगळी दिसते.

उजेड पाहून बेस बदलावा लागणं नवं नाही. १९३०च्या दशकात टेक्निकलर पद्धतीचे रंगीत चित्रपट वाढले तेव्हा आधीचा तेलकट ग्रीसपेंट पडद्यावर चकाकू लागला, त्यावर मॅक्स फॅक्टर या मेकअप कंपनीच्या कारखान्यातून ओल्या स्पंजाने लावायचा पॅन-केक निघाला. इथे मात्र प्रकाशही तीन आणि एका चेहऱ्यावर त्वचाही तीन तऱ्हांची. म्हणून बेसही तीन घेतले: गालांना आणि ओठांभोवती सॅटिन फिनिशचं (किंचित चमकीचं) पातळ सीरम फाउंडेशन, नाक आणि कपाळाच्या मध्याला टिकाऊ मॅट, आणि फक्त वांगाच्या डागांवर क्रीम स्टिक. पहिली दोन्ही सिलिकोनच्या पायावरची, म्हणजे जिथे भेटतील तिथे फाटणार नाहीत. मॅट वाळल्यावर गडद होतं म्हणून ते अर्धी शेड फिकं, आणि तेही त्याच घराण्यातलं फिकं फाउंडेशन मिसळून. पांढरा मिक्सर गव्हाळ-सावळ्या त्वचेवर राखेची छटा आणतो.

क्रम असा ठेवला. प्रायमर फक्त नाकाच्या बाजूंना आणि भुवयांच्या मध्ये, तांदळाच्या दाण्याएवढा, दाबून. वांगावर आधी डागाचा रंग मारणारा पीच-नारिंगी करेक्टर. तपकिरी डागावर थेट फिकट कन्सीलर लावला की डाग जात नाही, करडा होतो. करेक्टर डागाच्या आतच, काठ बोटाच्या टोकाने टिपून विरवलेले. मग सीरम फाउंडेशन स्टीलच्या पॅलेटवर एक पंप, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या स्पंजाने गालाच्या मध्यापासून बाहेर, थोपटत. करेक्टरवर ते ओढायचं नाही, नुसतं ठेवायचं. त्यावर स्टिक, ती थेट चेहऱ्याला न टेकवता स्पॅचुलाने खरवडून पॅलेटवर काढली, बोटाच्या उबेने मऊ केली आणि डागापुरती दाबली. मॅट शेवटी: अर्धा पंप, दाट लहान ब्रश, एका वेळी नाकाची एकच बाजू, कारण ते वाळायच्या आत पसरवून संपवावं लागतं. सांध्यावर तोच सीरमचा स्पंज दोनदा थोपटला की सीमा दिसत नाही. सगळं मिळून दीड पंप. यापेक्षा जास्त लागत असेल तर झाकणं चुकतंय. डागासाठी करेक्टर वाढवावा, फाउंडेशन नाही.

पावडर फक्त मॅटच्या भागावर, पफ दुमडून दाबत. डोळ्यांखाली पफवर उरलेली तेवढीच. गालांवर अजिबात नाही. मेकअप टिकवणारा सेटिंग स्प्रे अल्कोहोल नसलेला, हातभर अंतरावरून. अल्कोहोलवाला सोलवटलेल्या त्वचेला झोंबतो आणि पापुद्रे पुन्हा उठवतो.

व्हिडिओ निर्वेध झाला. तीन तासांनी नाक चकाकलं, ते अपेक्षितच होतं. त्यावर पावडर मारायची नसते. तेल आणि पावडरचं लुकण होतं आणि पुढच्या थरात चिरा पडतात. आधी ब्लॉटिंग पेपर दाबून तेल टिपायचं, कोरड्या स्पंजाने सुटलेलं फाउंडेशन उचलायचं, मग पावडर.

खरी गंमत दुपारी झाली. फ्लॅशच्या चाचणी फोटोत डोळ्यांखाली दोन पांढऱ्याशुभ्र कमानी. आरशात काहीच दिसत नव्हतं. जेवणानंतर त्यांनी पर्समधली 'एचडी' लूज पावडर डोळ्यांखाली फिरवली होती. ती जवळजवळ शुद्ध सिलिका. साध्या उजेडात सिलिका दिसेनाशी होते, पण समोरून पडलेला फ्लॅश कॅमेऱ्याकडेच परत फेकते. टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडही तसंच करतात, पण टायटॅनियम डायऑक्साइड जवळपास प्रत्येक फाउंडेशनमध्ये असतं, तेव्हा नुसती यादी वाचून निकाल लावता येत नाही. प्रमाण आणि थर महत्त्वाचा. अंधाऱ्या कोपऱ्यात फोनच्या फ्लॅशने फोटो काढून पाहणं हीच भरवशाची परीक्षा. पुसून टाकलं असतं तर खालचा बेसही गेला असता. ओलसर स्पंजावर सीरम फाउंडेशनचा अर्धा थेंब घेऊन तीन-चारदा दाबलं, पावडर त्यात मुरली, आणि वरून त्वचेच्या रंगाची दाबलेली पावडर नावापुरती.

संध्याकाळी उलटं काम. तिरप्या नैसर्गिक उजेडात थर दिसतो, तेव्हा भर घालायची नाही, कमी करायचं. गालांवर पाण्याचा हलका फवारा, पिळलेल्या स्पंजाने वरचा थर उचलला. वांगाचे डाग किंचित जाणवू लागले, तसेच ठेवले. छायाचित्रकाराला ते झाकलेल्या चेहऱ्यापेक्षा जास्त आवडले. माझंही मत तेच होतं.

निघताना त्यांनी रोजसाठी काय घेऊ म्हणून विचारलं. पापुद्रे निघतायत तोवर फाउंडेशन नकोच. रंग असलेलं सनस्क्रीन, ज्यात आयर्न ऑक्साइड आहे असं. ते दृश्य प्रकाशालाही काही प्रमाणात अडवतं आणि वांगासाठी तो मुद्दा मोठा आहे. फाउंडेशनवर लिहिलेल्या एसपीएफच्या भरवशावर राहू नये, कारण तो आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलीग्रॅम लावून मोजलेला असतो आणि तेवढं फाउंडेशन कुणी लावत नाही. सनस्क्रीननंतर दहा मिनिटं थांबून डागांवर स्टिक, नाकावर चिमूटभर पावडर. नवं काही घ्यायचं झालं तर कानामागे लावून दोन दिवस थांबायचं. जुनी मॅट बाटली टाकून द्यायची गरज नाही. झाकण उघडल्यावर किती महिने वापरायची ते उघड्या डबीच्या चिन्हात लिहिलेलं असतं, त्यात ती बसत होती. औषधाला त्वचा सरावली आणि सोलवटणं थांबलं की नाकापुरती ती उपयोगी पडेल, फक्त तेव्हा शेड जबड्यावर पुन्हा एकदा पाहायची.