नाणं वाजवून घेताना

आई सांगते, तिच्या लहानपणी वाणी रुपया हातात आला की आधी दुकानाच्या दगडी पायरीवर टाकून बघायचा. खणखणला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत. न्यू जर्सीतल्या आमच्या परसात, कानाला हेडफोन लावून, मी सध्या तेच शिकतोय. फरक एवढाच, की नाणं मातीखाली आहे.

पंचावन्नाव्या वाढदिवसाला मुलानं मेटल डिटेक्टर दिला. घर जुनं, तेव्हा मागच्या अंगणात कुणाच्या तरी खिशातून काहीतरी पडलं असणारच, असा त्याचा हिशेब. पहिल्या दिवशी मी उत्साहानं सेन्सिटिव्हिटी शेवटापर्यंत चढवली आणि यंत्र लग्नघरातल्या पोरांसारखं एकसारखं किंचाळायला लागलं. डोक्यावरून विजेच्या तारा गेल्यात, त्यांचंही ऐकत होतं ते बिचारं. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणल्यावर ते माणसात आलं. मग राहिलो मी. यंत्राच्या दांड्याच्या टोकाला असलेली गोल थाळी जमिनीला समांतर धरून सावकाश फिरवायची असते. मी दोन्ही टोकांना ती झोपाळ्यासारखी उचलत होतो. सहा महिन्यांसाठी इकडे आलेली आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "अरे, अंगण झाडतोयस की शोधतोयस?"

थाळीतून सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली जातं. धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते जरा मागे पडून थाळीपर्यंत परत येतं. किती मागे पडलं यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. चांदीचं जाडजूड नाणं उंच, स्वच्छ वाजतं, खिळा घोगरा. मधल्या पट्टीत मात्र सगळा घोळ आहे. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, ज्याला इथे निकल म्हणतात, त्यात तीन भाग तांबं आणि एकच भाग निकेल. ते आणि जुन्या कॅनची ॲल्युमिनियमची कडी यंत्राला जवळजवळ एकसारखी ऐकू येतात. सोन्याची बारीक अंगठीही त्याच सुरात बोलते. कड्यांना कंटाळून तो सूर बटणानं बंद केलात, तर सोनंही मुकं झालं. म्हणून जाणकार म्हणतात, कचरा खणायची तयारी ठेवा. आमच्याकडे तो भरपूर आहे. आधीच्या घरमालकांपैकी कुणीतरी उन्हाळे इथे बसूनच काढलेले दिसतात.

कान तयार व्हावा म्हणून चार नाणी पुरून सराव करतात. मी 1964 सालचा, म्हणजे चांदीच्या शेवटच्या वर्षातला पाव डॉलर घेतला, तांब्याचा एक सेंट आणि एक निकल घेतलं, आणि चौथा, आईला न विचारता, लक्ष्मीपूजनाच्या ताटातला बंदा रुपया. 1918 चा, पंचम जॉर्जचा. मागच्या बाजूला तळाशी बारीक ठिपका, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीतला. तो सहा इंच खोल गेला. खुणेला आइस्क्रीमच्या काड्या रोवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खारींनी चारही काड्या उपटून ठेवल्या होत्या.

आईला सांगावंच लागलं. ती रागावली नाही, हे जास्त वाईट. "कार्तवीर्यार्जुनाचं नाव घे आणि शोध," म्हणाली, आणि स्वतः पदराला गाठ मारून बसली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सावकाश चाललो. यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे बघितलंच नाही, नुसतं ऐकलं. घोगरं, घोगरं, मधलं, पुन्हा मधलं (दोन्ही कड्या). मग चाफ्याच्या कुंडीजवळ एक सूर आला, बारीक पण लख्ख. आडवं फिरवलं, तोच. उभं फिरवलं, तरी तोच. पडद्यावर अक्षरं उमटली: पन्नास सेंट. चांदीचा अर्धा डॉलर आणि आपला रुपया आकारानं जवळजवळ सारखेच. यंत्र अमेरिकन, त्याला जॉर्ज कुठून माहीत?

"रुपयाचे पन्नास सेंट?" आई म्हणाली. आजच्या भावानं सौदा वाईट नव्हता, पण मी गप्प राहिलो.

हिरवळ तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटली आणि माती बोटांनी चाळली. रुपया वर आला तसा आईनं पदरानं पुसला. माझे वडील तलाठी होते, त्यामुळे तिला एकदम आठवलं, जमिनीत दहा रुपयांच्या वरचं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. 1878 चा निखात निधीचा तो कायदा भारतातला, आणि आपलं आपणच पुरलेलं धन त्यात बसत नाही, हे तिला पटवायला चहा होईपर्यंत वेळ गेला.

मग तिनं रुपया स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टाकला. खणखणला. "आपलाच," म्हणाली आणि पदराची गाठ सोडली.

पाव डॉलर आणि एक सेंट संध्याकाळपर्यंत मिळाले. निकल अजून खालीच आहे. त्याच्या नादात आतापर्यंत अकरा कड्या निघाल्या. आई त्या एका वाटीत जमवते आहे.