एकाहत्तरावं अक्षर

"तुम्ही मेसेज पाठवायच्या सिस्टीम बनवता, आणि साधा निरोप द्यायला मात्र फोन लावता. असं का?" हा प्रश्न मला पुण्यातल्या सहकाऱ्यांपासून चोपड्याच्या चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

कारण एक 'नाही' आहे.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं. केळीचा पट्टा. काही वर्षांपूर्वी मी केळी उचलणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी एसएमएसची छोटी सिस्टीम लिहिली. गाडी कधी येणार, भाव काय, एवढंच कळवायचं. मराठीत कळवायचं हा हट्ट माझा. एका संध्याकाळी मेसेज गेला: "पावसाच्या अंदाजामुळे उद्या सकाळी केळीच्या गाडी तुमच्या गावात येणार नाही". ('केळीच्या' नव्हे, 'केळीची' हवं होतं. घाईत मीच चुकलो, आणि त्याची शिक्षा पुढे आहेच.)

एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, एका बाइटचे आठ बिट. इंग्रजी अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. ही १६० ची मर्यादाही कशी ठरली? १९८५ साली बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टाइपरायटरवर सुटी वाक्यं टाइप करून मोजली, बहुतेक १६० च्या आत बसली. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र दोन बाइट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला ७०. त्यातही काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूण वेगळी, मोकळी जागाही वेगळी. 'उद्या' दिसायला दोन अक्षरं, मोजायला पाच. सत्तरच्या वर गेलात की मेसेजचे तुकडे पडतात, आणि जोडणीच्या माहितीला जागा द्यावी लागल्याने एका तुकड्यात ६७ च उरतात.

वरचं वाक्य मोजून बघा. ७१ भरतं. 'केळीची' लिहिलं असतं तर दोन चिन्हं वाचली असती आणि सगळं एकाच मेसेजात बसलं असतं. तसं झालं नाही. पहिल्या तुकड्यात 'येणार'पर्यंत, दुसऱ्यात नुसतं 'नाही'. बऱ्याच फोनांनी तुकडे नीट जोडले. काही जुन्या फोनांनी दोन वेगळे मेसेज दाखवले, आणि दुसरा उशिरा आला.

इंग्रजीत नकार वाक्यात आधीच येऊन बसतो. आपल्याकडे सगळं सांगून झाल्यावर शेवटी 'नाही'. बोलताना त्यात गंमत आहे, पण तुकडे करणाऱ्या यंत्रासमोर ही रचना फार उघडी पडते. हे मला कुठल्याही कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गावातल्या नानांचा फोन. त्यांच्या जुन्या फोनवर 'येणार'पर्यंतच पोचलं होतं. "गाडी कोठे शे रे भाऊ?" मजूर लावून घड कापून झाले होते, बांधावर केळीच्या पानांवर मांडलेले. कापलेला घड परत खोडाला लागत नाही. नवतीचा माल, चांगल्या भावाचा. तो शेवटी वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात गेला. नाना मला रागावले नाहीत, हे जास्त लागलं.

पूर्वी निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचा. त्याला उलट विचारता यायचं: म्हणजे येणार का नाही, नीट सांग. माझ्या मेसेजला विचारायची सोय मी ठेवलीच नव्हती. पाठवला म्हणजे पोचला, पोचला म्हणजे कळला, असं मी धरून चाललो होतो. डिलिव्हरी रिपोर्टमध्ये हिरवी खूण होती.

आणि भाषा म्हणाल, तर मराठी हाही मधला मुक्कामच; नाना बोलतात ती खान्देशी. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे १८ लाख ६० हजारांवर नोंदले गेले, पण मी 'शे' (म्हणजे 'आहे') टाइप केलं की माझा फोन अजून 'शेत' सुचवतो. नाना टाइपच करत नाहीत.

आता त्या सिस्टीममध्ये गाडी रद्द झाली की मेसेज 'गाडी नाही' या दोन शब्दांनी सुरू होतो; रद्द होण्याचं कारण त्यानंतर येतं. व्याकरण थोडं अवघडतं, चालतं. तरीही रद्दच्या दिवशी जुने फोन वापरणाऱ्या दहा-बारा जणांना मी स्वतः फोन लावतो. नाना उचलतात, आणि गाडीचं ऐकून घ्यायच्या आधी मी जेवलो का ते विचारतात, "तू जेवना का?"