चार ओळींचा परिचय

लोक विचारतात, शास्त्रीय गाण्याची प्रसिद्धी करतेस म्हणजे दिवसभर नेमकं काय करतेस? खरं सांगायचं तर मी नावं लिहिते. कोणाच्या आधी पंडित, कोणाच्या आधी नुसतं श्री, समईला हात लावणाऱ्यांचा क्रम काय, तानपुऱ्यावर बसणाऱ्या मुलींची नावं छापून आली की पान लावताना उपसंपादकाने उडवली. फ्लेक्स, पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅपचे गट हे सगळं नंतरचं. नाव चुकलं तर सभागृह भरलेलं असूनही कार्यक्रम पडला असं समजायचं.

गोव्यात एका कार्यक्रमाची तीन पत्रकं काढावी लागतात, मराठी, कोकणी आणि इंग्रजी. मराठी दैनिकाला यादी हवी असते. उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कोणाचं, आभार कोण मानणार. यादी पुरी असली आणि दुपारी चारच्या आत पोचली की बातमी लागते, फार कोणी प्रश्न विचारत नाही. इंग्रजीवाल्यांना यादी नको, अँगल हवा. ‘एक बाई फोंड्यात गाणार आहेत, यात बातमी काय?’ असं मला एकाने फोनवर सरळ विचारलं होतं. त्याचंही चूक म्हणता येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्याकडे जागेची मारामारी असते. इफ्फी हा चित्रपट महोत्सव उरकतो न उरकतो तोच जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, मग पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव, शिवाय गावोगावच्या जत्रा. त्यात रविवारी संध्याकाळी चौऱ्याहत्तर वर्षांची गायिका दोन तास अनवट राग गाणार, एवढ्याने कोण हलणार?

तर मी अँगल शोधला. आणि तो शोधताना मला फार हुशार वाटलं, हेही इथे लिहून ठेवते.

गायिकेचं नाव देत नाही. आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. घर फोंडा तालुक्यात, देवळापासून दहा पावलांवर. या एका तालुक्यातून इतकं गाणं का निघालं, हे बाहेरच्यांना समजावताना मी नेहमी सोळाव्या शतकापासून सुरुवात करते. पोर्तुगीजांच्या जाचामुळे लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे आणून बसवले. मंगेश कुठ्ठाळीहून आला तो असाच. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, तो त्यांच्या हातात गेला अठराव्या शतकात. देवळं आली तशी देवळांच्या सेवेतली माणसं आली, त्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची घरं होती, वाजवणाऱ्यांची होती. पुढे त्यातली कितीतरी मुंबईला गेली आणि गावाचं नाव आडनाव म्हणून बरोबर घेऊन गेली. केरीच्या केसरबाई केरकर, आणि फोंड्याबाहेरच्या, सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांकडून जयपूर घराण्याची तालीम घेतली आणि दोघींना पुढे पद्मभूषण मिळालं. मोगूबाईंचं कुर्डी साळावलीच्या धरणात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. आडनाव मात्र कधी बुडालं नाही.

हे सगळं मी इंग्रजी पत्रकात घातलं. शेवटी केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली हेही घातलं. गोव्यातलं कुठलंही संगीताचं इंग्रजी पत्रक शेवटच्या परिच्छेदात अवकाशात जातं, ती आमची खोडच आहे. आणि माईंच्या परिचयाच्या पहिल्या वाक्यात, जन्म कुठल्या घरातला हे सांगताना, मी ‘देवदासी’ हा शब्द लिहिला.

मराठी पत्रकात तो नव्हता. तिथे होतं ‘जयपूर घराण्याच्या ज्येष्ठ गायिका’. मराठी वाचणाऱ्यांना माईंचं कुळ माहीत होतं, सांगायची गरज नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. पण मराठीत लिहायची माझी छाती नव्हती, हे त्यापेक्षा खरं. माई मराठी वाचतात.

अँगल लागू पडला. सेरेंडिपिटीसाठी दिल्लीहून आलेल्या एका पत्रकाराचा मेल आला, माईंना भेटायचंय. रविवारी सकाळी मी त्याला घेऊन फोंड्याला निघाले. वाटेत एका हॉटेलात पातळभाजी-पाव खाल्ला, त्याने खूप प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. माणूस वाईट नव्हता. चप्पल बाहेर काढून आला, खुर्ची नको म्हणाला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. तो वाईट असता तर मला आजपर्यंत दोष द्यायला कोणीतरी मिळालं असतं.

ओसरीवर माई, त्यांची एक शिष्या, आणि संध्याकाळी साथीला बसणारा तबलजी. पोरगा सव्वीस वर्षांचा, वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, आकाशवाणी कलाकारांना जी श्रेणी देते त्यात त्याचा बी हाय ग्रेड आहे. त्याची आजी याच गावची. चहा आला. पत्रकाराने पिशवीतून माझं पत्रक काढलं. छापून आणलं होतं आणि काही ओळी पिवळ्या रंगवल्या होत्या.

माईंनी कागद मागून घेतला. चष्मा लावला.

‘‘एवढं काय गो रंगवलंय? वाच बघू. मराठीत वाच.’’

म्हणजे माझंच इंग्रजी मला तोंडी मराठीत करायचं होतं. ‘माईंचा जन्म’ इथपर्यंत नीट गेलं. पुढे जीभ अडली. तेच वाक्य मी चार दिवसांपूर्वी एका दमात लिहिलं होतं. आता माईंच्या ओसरीवर, त्यांचाच चहा हातात धरून, ते म्हणता येईना. ‘‘देवळाशी संबंध असलेल्या एका गाणाऱ्या घराण्यात,’’ असं काहीतरी मी पुटपुटले आणि पुढच्या ओळीवर गेले.

माईंनी बोट त्याच पिवळ्या पट्ट्यावर ठेवलं आणि कागद तबलजीकडे वळवला. ‘‘हा शब्द काय रे?’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली. त्याने वाचला.

‘‘तेच म्हटलं,’’ माई म्हणाल्या. ‘‘मला इंग्रजी येत नाही, पण देवदासी इंग्रजीतसुद्धा देवदासीच ना? हिने तेवढा गाळला.’’

आवाज चढलेला नव्हता. तंबोरा जुळवताना ‘थोडा वर घे’ म्हणतात तसाच होता.

‘‘आमच्याकडे हा शब्द नव्हताच बाय. कलावंतीण म्हणायचे. ते काही कौतुकाने म्हणायचे असं नाही. पण गाणारीचं घर वेगळं, देवळात दिवा धरणारीचं वेगळं, आमचं आमच्यातही केवढं होतं. तू सगळ्यांना एका पोत्यात भरलंस. बरं, ते राहू दे. आता ह्याचं काय लिहिलंयस ते वाच.’’ बोट तबलजीकडे.

त्याचा परिचय मला पाठ होता. सहाव्या वर्षापासून तालीम, गुरूंचं नाव, ग्रेड, कुठे कुठे साथ केली. मी म्हटला. म्हणत असतानाच मला पुढचं दिसायला लागलं होतं.

‘‘ह्याची आजी आणि माझी मावशी एकाच देवळात,’’ माई म्हणाल्या. ‘‘एकाच दिवशी मंडपात उभ्या राहायच्या. ह्याच्या परिचयात ह्याचा तबला आला. माझ्या परिचयात देऊळ आलं. बावीस वर्षं तालीम घेतली मी. ती कुठे आहे?’’

ती चौथ्या ओळीत होती. अर्धी ओळ.

पत्रकार विचारत होता, काय म्हणतायत? मी सांगितलं. या वेळी काही न गाळता. त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग मी काय लिहू? माई हसल्या. म्हणाल्या, मी काही लपवत नाही. वही बंद कर, सांगते. आणि मग अर्धा तास त्या मावशीबद्दल बोलल्या. ते मी इथे लिहीत नाही. जाताना त्याने केसरबाईंच्या भैरवीचं विचारलंच, अवकाशात गोव्याचा आवाज गेला, कसं वाटतं? माई म्हणाल्या, ‘‘बाई वर गेल्या, छानच झालं. माझा कार्यक्रम फोंड्यात आहे, साडेसहाला. वेळेवर या.’’

गाडीत बसल्यावर आठवलं की पत्रक एकट्या त्याच्याकडे गेलेलं नव्हतं. एका इंग्रजी दैनिकाने त्या सकाळी ते जसंच्या तसं छापलं होतं. आम्ही खूश होतो त्यावर! चार कॉलम, फोटोसकट. मी न्यूजरूमला फोन लावला. रविवारी दुपारी न्यूजरूममध्ये असतं कोण? एक मुलगी होती. तिने वेबसाईटवरचं वाक्य बदलून दिलं आणि वर विचारलं, ‘‘पण मॅडम, हे चुकीचं आहे का?’’ मला तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. चुकीचं आहे म्हणावं तर माईच ‘लपवत नाही’ म्हणाल्या होत्या. ‘‘गायिकेची इच्छा आहे,’’ एवढंच म्हणाले. छापलेल्या अंकाचं काहीच होण्यासारखं नव्हतं, दुपारपर्यंत त्यात भजी बांधून झाली असतील.

दुसरी आठवण सहा वाजता कला मंदिराच्या पायऱ्या चढताना आली. सूत्रसंचालकांना मी तोच परिचय पाठवला होता. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक, दिलेला कागद शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचणारे, आणि इंग्रजीचं मराठी करायची हौस असलेले. विंगेत गेले तर ते खरोखरच शब्द शोधत बसले होते. मी कागद अक्षरशः हातातून काढून घेतला.

ग्रीनरूममध्ये तंबोरे लागत होते. तरुणपणी माईंची गायची पट्टी काळी चार होती, आता उतरून पांढरी चार, तारा सैल झालेल्या, आणि डिसेंबर असूनही हवेत ओल, त्यामुळे जोडीच्या तारा दर दोन मिनिटांनी उतरत होत्या. माई एक कान तंबोऱ्याला लावून बसल्या होत्या. मी म्हटलं, माई, परिचय पुन्हा लिहायचाय, पंधरा मिनिटं आहेत. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, ‘‘लिही.’’

पर्समध्ये सभागृहाच्या डिपॉझिटची पावती होती. तिच्या पाठीवर लिहिलं. गाणार, माई. पुढे गुरूंचं नाव आणि बावीस वर्षं. तबल्यावर कोण, पेटीवर कोण. मग त्या थांबल्या आणि तंबोऱ्यावरच्या दोघींना म्हणाल्या, तुमची नावं सांगा गो, आडनावासकट. चार ओळी झाल्या. मी विचारलं, अजून काही? ‘‘जोडीचा स्वर उतरलाय,’’ त्या म्हणाल्या, मला नव्हे, शिष्येला.

सूत्रसंचालकांनी ती पावती वाचायला अर्धं मिनिट घेतलं. नंतर मला म्हणाले, एवढ्या मोठ्या कलाकाराचा एवढासा परिचय? त्यांचा राग अजून गेलेला नाही.

नटकामोद राग गायल्या. मग बिहागडा. मध्यंतरात नाट्यपदाच्या फर्माईशीच्या चिठ्ठ्या आल्या, फोंड्यात त्या येणारच, त्यांनी त्या उशीखाली ठेवतात तशा तंबोऱ्याखाली सरकवल्या आणि शेवटी एक गायलंसुद्धा. गाण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ते काम माझं नाही, आणि खरं तर पहिला पाऊण तास माझं लक्षच नव्हतं. पत्रकार तिसऱ्या रांगेत होता. पुढे त्याचा लेख आला, सेरेंडिपिटीवर, माईंबद्दल त्यात दोन वाक्यं, त्यातलं एक तंबोऱ्यावरच्या मुलींबद्दल. माझ्या हिशेबाने प्रसिद्धी म्हणून तो दिवस तोट्यातच गेला.

माई त्यानंतर माझ्याशी नीट वागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचं पत्रक मात्र त्यांनी फोनवर पूर्ण वाचून घेतलं, तिन्ही भाषांतलं, कोकणी सगळ्यात शेवटी, आणि एका ठिकाणी ‘ज्येष्ठ’ काढायला लावलं.

परवा त्या तबलजीचा फोन आला. त्याचं स्वतंत्र वादन आहे मडगावला, पत्रक मीच करते आहे.

‘‘ताई, माझ्या परिचयात आजीचं नाव घाल. ठेका हातावर पहिला तिनेच धरून दिलेला.’’

‘‘माईंनी सांगितलं?’’

‘‘नाही. मीच सांगतोय.’’

‘‘कसं लिहू?’’

‘‘नाव घाल. बाकी काही नको.’’

मी पेन घेतलं आणि आजीचं पूर्ण नाव विचारलं. तो थांबला. घरात सगळे तिला आईच म्हणायचे. नाव माहीत होतं, पण त्यापुढे काय लागायचं? त्याचं स्वतःचं आडनाव वडिलांकडचं. आजी गावाचं नाव लावायची की आणखी काही, ते त्याला ठाऊक नव्हतं. माईंना विचारून कळवतो म्हणाला.

अजून कळवलेलं नाही. पत्रक बुधवारी चारच्या आत जायला हवं.