मे महिन्यात बॅरोकाठी: ग्रेगनमॅना ते सेंट मुलिन्स

आयर्लंडमधल्या बॅरो नदीच्या काठाने चालायचं असेल तर मेचा पहिला पंधरवडा गाठा. आम्ही डब्लिनहून गाडीने ग्रेगनमॅनाला गेलो, पूल ओलांडला आणि टिनहिंचच्या बाजूने काठावर उतरलो. पूर्वी या वाटेवरून घोडे मालाच्या होड्या दोरखंडाने ओढत नेत. आता तिथे गवत आहे. सेंट मुलिन्स गावापर्यंत साधारण 6 किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. तरी आम्हाला अडीच तास लागले.

पाय अडले ते हॉथॉर्नपाशी. काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडली होती. ही फुलं घरात आणली तर घरातलं कुणी दगावतं, अशी इथली जुनी समजूत. फुलाला नाक लावलं आणि ही समजूत कुठून आली असेल ते उमगलं: गोडसर वासाखाली एक कुजकट झाक आहे. त्या वासातलं ट्रायमिथाइलअमीन मांस कुजतानाही तयार होतं. माळावर एकटा उभा असलेला हॉथॉर्न तर पऱ्यांचाच, त्याची फांदी मोडायची नाही. आमच्या गावात देवराईतली वाळकी काटकीही कुणी उचलत नसे, त्यामुळे मला यात परकं काही वाटलं नाही.

ओलसर जागी मार्श मॅरिगोल्डची पिवळीधमक फुलं होती. 30 एप्रिलच्या संध्याकाळी अशी पिवळी फुलं उंबरठ्यावर टाकत, म्हणजे पऱ्या घरातलं दूध-लोणी पळवत नाहीत.

एका लॉकजवळ (होड्या वर-खाली नेण्यासाठी पाणी भरायचा-सोडायचा दरवाजांचा हौद) दगडावर माशांच्या काट्यांनी भरलेली ताजी विष्ठा दिसली. पाणमांजराची! आयरिश भाषेत या प्राण्याला म्हणतात 'मॅड्रा इश्का', पाण्यातला कुत्रा. आपल्याला ज्याच्यात मांजर दिसलं, त्यांना त्याच्यातच कुत्रा दिसला. स्वतः महाशय काही भेटले नाहीत. खंड्या मात्र पाण्यालगत निळी रेघ ओढून गेला. आपल्याकडच्या ओढ्यावरचा छोटा खंड्या आणि हा एकाच जातीचे.

सेंट मुलिन्सला शेवटचं लॉक, त्याखाली नदीला भरती-ओहोटी. मेमध्ये ट्वेट शॅड हा हिल्शाचा नातलग मासा समुद्रातून अंडी घालायला इथवर चढतो. सातव्या शतकातल्या संत मोलिंगच्या नावाची विहीर जवळच आहे, ती चुकवू नका.

मुलं बरोबर असतील तर दोन गोष्टी सांभाळा. काठाला कठडा नाही. आणि पाण्याकडेला सेलरीसारखी दिसणारी झाडं उपटू देऊ नका: हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्टचं मूळ जीवघेणं विषारी असतं. पायात पाणी न शिरणारे बूट घाला, गोचिडींमुळे पूर्ण पँटच बरी. जेवणाचा डबा सोबत ठेवा. परतीच्या बसवर विसंबू नका, त्याच वाटेने चालत या. जवळपास 9 वाजेपर्यंत उजेड असतो, आणि तो मावळताना संथ पाण्यावर वीतभर उंचीवरून वटवाघळं किडे टिपू लागतात. तेवढा वेळ हाताशी ठेवा.