डंख विकला

दादाने डंख, म्हणजे आमच्या दुकानातलं मसाला कुटायचं यंत्र, विकल्याचं मला वहिनीकडून कळलं. तेही दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता. भिवंडीचा कुणीतरी घेऊन गेला म्हणे. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. एक फोन करता आला नसता?

मी लग्न होऊन गेले, मान्य. पण शिमगा झाला की पावसापर्यंत ब्याडगी-संकेश्वरी मिरच्यांचे देठ कोण खुडायचं? हातांची आग आग व्हायची, खोबरेल चोळून झोपायचे मी. दादा तेव्हा पुढे, कॉफीच्या गल्ल्यावर. कॉफी पुढे, मसाला मागे, मधलं दार बंद, हा आजोबांचा नियम. कॉफी कुठलाही वास पटकन ओढून घेते. माटुंग्याची तमिळ मंडळी पीबेरी, प्लांटेशन ए असले कॉफीचे प्रकार न्यायची, त्यात चिकोरी किती घालायची ते ज्याचं त्याचं ठरलेलं. मिरचीचा जरा वास लागला की पुडी परत.

नाव कॉफीने केलं, खरंय. १९९६ साली बागवाल्यांनी कॉफी बोर्डालाच विकायची हे बंधन पुरतं उठलं आणि बाबा थेट चिकमगळूरच्या बागेतून पोती मागवायला लागले, हे सगळे कौतुकाने सांगतात. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हाचं कोण सांगतं? वर्षाचा मसाला एकदम कुटून नेणाऱ्या लालबाग-परळच्या बायका पाव किलोवर आल्या. आजी उधारीवर देत राहिली. त्यातलं वसूल किती झालं... जाऊ दे.

आणि आई. तिचं आज नको.

मला विचारलं नाही, एवढंच सलतंय. विचारलं असतं तर? नको विकू म्हटलं असतं. मग पुढे? समोर टॉवर झालाय, ठसका लागला की तिथून तक्रार येते. डंखापाशी उभं राहायला माणूस मिळत नाही, दादाची कंबर ही अशी. मी सुट्टी टाकून उभी राहणार होते का? नव्हते. दादाला ते ठाऊक होतं. मला नाही म्हणायची वेळ येऊ नये म्हणूनच विचारलं नसेल त्याने. मघाशी भांडी घासताना हे सुचलं आणि राग थोडा उतरला. थोडाच.

लोखंड गेलं तर गेलं. पण आईच्या अक्षरातली प्रमाणांची वही आहे: किलोभर मिरचीला धणे किती, दगडफूल किती, कुणाच्या घरी लवंग कमी घालायची. ती मला हवी. त्यासाठी दादाला विचारणार नाही. उद्या सकाळी फोन करून सांगणार आहे.